किरण नेमके कोणाला दिले?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात 27 वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे. माझ्या मुलीला वयाच्या सातव्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. तेव्हापासून गेली 12 वर्षे आमच्या घरातले घड्याळ तिच्या इन्सुलिनच्या वेळांवर चालते. शिक्षिका आणि आई या दोन्ही नात्यांनी मी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागात अनेकांच्या मोबाइलवर एका बातमीचे कात्रण फिरत होते. डुकराच्या स्वादुपिंडातील पेशी माणसाला बसवता येणार, शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून किरणोत्सर्गाचा उपाय सापडला आहे आणि मधुमेही मुलांची सुईपासून सुटका होणार, असा त्याचा आशय होता. ते कोणत्या दैनिकातले, हे कात्रणावरून कळत नव्हते. आपल्या दैनिकातले नव्हते, याची खात्री मी जुने अंक चाळून करून घेतली. तरीही पत्र आपल्याकडे पाठवते, कारण आमच्या पंचक्रोशीत आपला अंक घरोघरी वाचला जातो आणि त्यात छापलेले लोक खरे मानतात.

हर्णैकडच्या एका वाडीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. तिचा नऊ वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून इन्सुलिनवर आहे. कात्रण घरात पोचल्यावर चर्चा झाली आणि दोन रात्री त्याला रात्रीचे इन्सुलिन दिले गेले नाही. "बाई, उपाय निघालाच आहे म्हणतात, मग तोवर त्या पोराला एवढं टोचून कशाला छळायचं, असं सगळेच म्हणाले," असे ती मला नंतर रडत सांगत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने फोन केला तेव्हा मुलाला उलट्या होत होत्या. मी पोचले तर तो पडवीत चटईवर पडलेला, श्वास खोल आणि जलद, आणि तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास. साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडा उमटतच नव्हता, नुसते 'हाय', म्हणजे मोजता येण्यापलीकडे जास्त, असे दिसत होते. गाडी मिळायला पाऊण तास गेला. रुग्णालयात चार दिवस काढून तो घरी आला आणि आता बरा आहे. त्याच्या आईला दोष द्यावा, असे मला क्षणभरही वाटत नाही. तिने छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या बातमीत मात्र तीन साध्या गोष्टी नव्हत्या: किरण नेमके कोणाला दिले, पेशी कोणत्या प्राण्याच्या व कोणत्या प्राण्यात घातल्या, आणि त्या किती दिवस टिकल्या. या तिन्ही गोष्टी छापल्या असत्या, तर "तोवर" हा काळ किती लांबचा आहे, हे त्या घराला कळले असते.

हा विषय शाळकरी मुलालाही समजावून सांगता येतो, आणि आम्हा कोकणातल्या लोकांना तर अधिकच सोपा करून सांगता येईल. स्वादुपिंडात पाचकरस बनवणाऱ्या पेशींच्या पसाऱ्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंज विखुरलेले असतात. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने 1869 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात, पण सगळी एकत्र केली तरी त्या अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात, आणि एकेक बेट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढे असते. टाइप वन मधुमेहात रुग्णाची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच या बेटांतील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. तेव्हा बेटेच दुसरीकडून आणून बसवावीत, हा विचार इन्सुलिनच्या शोधापेक्षाही जुना आहे. 1893 च्या डिसेंबरात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे डॉ. वॉटसन विल्यम्स यांनी नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे एका 15 वर्षांच्या मधुमेही मुलाच्या कातडीखाली बसवले. तो मुलगा तीन दिवसांनी गेला. टोरांटोत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले ते 1922 च्या जानेवारीत, म्हणजे त्यानंतर 28 वर्षांनी. मुलगी लहान असताना ब्रिस्टलची ही हकीकत माझ्या वाचनात आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

परके रोपण शरीर का नाकारते, हे सांगताना मी वर्गात आंब्याचे कलम घेत असे. रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधली तर जीव धरते. काजूच्या रोपावर बांधली तर धरत नाही, जरी आंबा आणि काजू एकाच कुळातले असले तरी. झाडांना आपल्यासारख्या पांढऱ्या पेशी नसतात, त्यामुळे कारण वेगळे आहे आणि उपमा अर्धीच खरी आहे, हेही मी मुलांना सांगत असे. पण नाते जितके दूरचे तितके कलम अवघड, एवढा भाग दोन्हीकडे लागू पडतो. एका उंदराची बेटे दुसऱ्या उंदराला बसवणे अवघड, मोठ्या उंदराची बेटे छोट्या जातीच्या उंदराला बसवणे त्याहून अवघड, आणि डुकराची माणसाला बसवणे त्याहून कितीतरी अवघड.

आता किरणांचा मुद्दा. काढलेल्या बेटात फक्त इन्सुलिनच्या पेशी नसतात; दात्याच्या काही पांढऱ्या पेशीही त्यात लपून सोबत येतात. त्यांतल्या शाखांसारखे हात पसरलेल्या पेशी, ज्यांना डेंड्रायटिक पेशी म्हणतात आणि ज्यांच्या शोधासाठी राल्फ स्टाइनमन यांना 2011 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या यजमानाच्या, म्हणजे रोपण घेणाऱ्याच्या, लढाऊ पेशींना सर्वांत जोरात जागे करतात. म्हणजे घर पेटवणारी ठिणगी बेटासोबत आलेल्या या प्रवाशांमध्ये असते, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत तितकीशी नसते. या प्रवाशांना रोपणाआधीच निकामी केले आणि बीटा पेशी जिवंत ठेवल्या तर शरीर ते कलम सोसेल, असा तर्क होता. सतत विभागणाऱ्या किंवा चटकन उत्तेजित होणाऱ्या पांढऱ्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, तर क्वचितच विभागणाऱ्या बीटा पेशी मर्यादित मात्रा सहन करतात. सगळी युक्ती या फरकावर उभी आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे हापूसच्या पेटीवरून कळेल. 2007 पासून भारतीय आंबा अमेरिकेत जाऊ लागला तो गॅमा किरणांची निदान 400 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा देऊनच, आणि त्यासाठीचे एक केंद्र लासलगावला आहे. ही मात्रा आंबा मारत नाही. फळ पिकते, रंग धरते, वास देते. कोयीत दडून बसलेल्या भुंग्याची मात्र पुढची पिढी निघत नाही. आंबा किरणोत्सर्गी होत नाही आणि तो खाणाऱ्यालाही किरण लागत नाहीत. रक्तपेढीतही हेच चालते: ज्याची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशा रुग्णासाठी रक्ताच्या पिशवीला 25 ग्रे मात्रा देतात, म्हणजे त्यातील दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगात वाढून त्याच्यावरच उलटत नाहीत आणि तांबड्या पेशी मात्र काम करत राहतात. बेटांना किरण देण्यामागचे तत्त्वही हेच. ते काचेच्या बशीत ठेवलेल्या पेशींना दिले जातात, रुग्णाला एक कणही लागत नाही.

या वाटेवरची कामे खरी आहेत आणि त्यांचा आदर मला वाटतो. सेंट लुइस येथील पॉल लेसी यांनी 1967 मध्ये कोलॅजिनेज या विकराने उंदराच्या स्वादुपिंडातून बेटे सुटी करण्याची रीत बसवली. 1980 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोठ्या उंदराची बेटे सात दिवस 24 अंश सेल्सिअसला ठेवून, त्या प्रवासी पेशी कमी करून, दुसऱ्या जातीच्या छोट्या उंदरांत घातली. सोबत लढाऊ पेशींविरुद्धच्या द्रव्याचे एकच इंजेक्शन दिले, आणि कायमची औषधे न देताही ती बेटे दीर्घकाळ टिकली. हा परक्या जातीचा प्रयोग होता, पण त्यात किरण नव्हते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाउ, रीम्ट्समा आणि हार्डी यांनी 1984 मध्ये अतिनील किरणांनी तेच साधले. अतिनील किरण खोल शिरत नाहीत, पण बेट इतके लहान असते की तेवढे पुरते. तो प्रयोग मात्र उंदरापासून उंदराला, एकाच जातीत. पुढे गॅमा किरण वापरूनही असे प्रयोग झाले आणि काहींमध्ये किरणांच्या जोडीला यजमानाला सायक्लोस्पोरिन हे प्रतिकार दाबणारे औषध द्यावे लागले. (हेच रीम्ट्समा 1963-64 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे चिंपांझीची मूत्रपिंडे माणसांना बसवत होते, आणि त्यांच्या रुग्णांपैकी एक तरुण शिक्षिका त्यावर नऊ महिने जगली. परक्या जातीच्या रोपणाची ओढ या माणसाला आयुष्यभर होती.)

किरणांची दुसरी वाट अगदी निराळी आहे आणि गोंधळ होतो तो इथे. या वाटेत किरण बेटाला नव्हे, यजमानाला देतात. बोस्टन येथे जोसेफ मरे यांच्या चमूने 1950 च्या दशकाच्या अखेरीस मूत्रपिंड रोपणापूर्वी रुग्णाच्या संपूर्ण शरीराला किरण देऊन पाहिले. 1959 मध्ये जुळ्या भावाचे मूत्रपिंड घेतलेला एक रुग्ण त्यातून वाचला आणि अनेक वर्षे जगला. बाकीचे बहुतेक दगावले, कारण प्रतिकारशक्ती मेली की साधा जंतुसंसर्गही जीव घेतो. सुमारे 4 ग्रे मात्रा एकदम संपूर्ण शरीराला मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे मरू शकतात. म्हणजे आंब्याला ज्याच्या शंभरपट दिले तरी काही होत नाही, ते माणसाला प्राणघातक ठरते. म्हणून "किरण दिले" हे दोन शब्द अपुरे आहेत. कोणाला दिले हे वगळले, की वाक्याचा अर्थच हरवतो.

पुढे स्टॅनफर्डमध्ये सॅम्युअल स्ट्रोबर आणि सहकाऱ्यांनी, हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी वापरली जाणारी रीत घेऊन, इतर अवयव झाकून फक्त लसिकाग्रंथी, प्लीहा आणि थायमस यांना थोड्या थोड्या मात्रेत किरण द्यायला सुरुवात केली. त्याला दात्याच्या रक्तपेशींची जोड दिल्यावर मूत्रपिंडाच्या काही रुग्णांची प्रतिकार दाबणारी औषधे पुढे बंद करता आली. 1984 मध्ये इल्डस्टाड आणि सॅक्स यांनी प्रखर किरण दिलेल्या छोट्या उंदरात त्याच्या स्वतःच्या जातीचा आणि मोठ्या उंदराचा असा मिश्र अस्थिमज्जा घातला, तेव्हा त्याने मोठ्या उंदराची कातडी आपलीच म्हणून स्वीकारली. दोन जातींचे रक्त एकाच देहात सुखाने नांदते, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण सुईवर व्यवस्थित जगणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यासाठी अशा किरणांखाली झोपवणे कोणता डॉक्टर सुचवील? कर्करोगाच्या रुग्णासाठी पत्करलेला धोका आणि मधुमेही मुलासाठी पत्करायचा धोका, यांचा काटा एकच असू शकत नाही.

डुकराच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत, आणि तिथे बेटांना किरण देणे अपुरे पडते. प्रवासी पेशी मारल्या तरी यजमानाच्या स्वतःच्या पेशी डुकराची प्रथिने उचलून त्यांची ओळख लढाऊ पेशींना करून देतात, आणि जात जितकी दूरची तितका हा दुसरा मार्ग जोरकस असतो. शिवाय डुकराच्या पेशींवरील आल्फा-गाल या साखरेविरुद्धची प्रतिद्रव्ये माणसाच्या रक्तात जन्मानंतर लवकरच तयार झालेली असतात, आणि बेटे रक्तात सोडली की गुठळ्या होऊन त्यांतली बरीचशी काही तासांतच नष्ट होतात. स्वीडनमध्ये ग्रोथ यांच्या चमूने दहा मधुमेही रुग्णांना डुकराच्या गर्भातील बेटसदृश पुंज दिल्याचे 1994 मध्ये प्रसिद्ध केले. चार जणांच्या लघवीत डुकराच्या सी-पेप्टाइडचा (इन्सुलिन बनताना सोबत सुटणाऱ्या तुकड्याचा) अंश काही महिने सापडला, पण इन्सुलिन कोणाचेही सुटले नाही. 2006 मध्ये अमेरिकेतील दोन चमूंनी डुकराची बेटे मधुमेही माकडांत 100 दिवसांपेक्षा जास्त चालवून दाखवली, तीही प्रतिकार दाबणारी कडक औषधे देऊन. 1997 मध्ये लंडनच्या रॉबिन वाइस यांच्या प्रयोगशाळेने डुकराच्या जनुकांतच दडलेला विषाणू बशीतील मानवी पेशींत शिरू शकतो, असे दाखवले होते. 2017 मध्ये जनुके छाटून असे सगळे विषाणू निकामी केलेली पिल्ले जन्माला आली. आज मुख्य भर या जनुक-बदलावर, बेटांना बारीक आवरणात बंदिस्त करण्यावर आणि नव्या औषधांवर आहे. किरण हा त्या कामातला एक जुना, अजूनही शिकवणारा धडा आहे. त्याला आजचा उपाय म्हणून छापणे चूक आहे.

शब्दाविषयी एक आग्रह. "किरणोत्सर्ग" म्हटले की राजापूर तालुक्यातील माणसाला जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आठवतो. अनेक वर्षांच्या आंदोलनातून त्या शब्दाला आलेले वजन मी हलके लेखत नाही. अस्थिर अणूंनी स्वतःहून किरण बाहेर टाकणे म्हणजे किरणोत्सर्ग. बशीतल्या पेशींवर बाहेरून किरण टाकणे ही वेगळी क्रिया आहे, आणि अतिनील दिव्यात तर किरणोत्सर्गाचा संबंधच नाही. तिथे "किरण दिले" किंवा "किरणप्रक्रिया केली" असे साधे मराठी लिहावे. त्या कात्रणामुळे काही घरांत सुई बंद करण्याचा विचार झाला, तर एका घरात उलटाच प्रकार घडला: मुलाच्या इन्सुलिनमध्येच "किरणोत्सर्ग" असेल की काय, म्हणून आजीने कुपी हातात घ्यायला नकार दिला.

दाभोळ-हर्णै परिसरातील काही मुस्लिम पालकांनीही मला विचारले, "बाई, डुकराचं आहे म्हणे, आमच्या पोरांचं कसं?" पूर्वी इन्सुलिन डुकराच्या किंवा गाईच्या स्वादुपिंडातूनच काढत असत, डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे असते. 1982 पासून जिवाणू किंवा यीस्ट यांच्याकडून बनवलेले मानवी इन्सुलिन आले, आणि त्यांची मुले आज टोचतात ते हेच, असे मी त्यांना दाखवून दिले. रोपणाबद्दल त्यांचा निर्णय त्यांचा आहे. पण डुकराचा उल्लेख बातमीच्या शेवटच्या ओळीत लपवू नये, पहिल्या ओळीत यावा.

सुईचा त्रास मला माहीत नाही, असे कोणी समजू नये. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या गावात कित्येक दिवस वीज नव्हती. मुलीच्या इन्सुलिनच्या कुप्या मी एका मडक्यात ठेवल्या, ते मडके ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात बसवले आणि वरून भिजवलेले फडके दिवसातून सहा वेळा बदलले. जूनच्या दमट हवेत त्याचा गारवा जेमतेमच. पाचव्या दिवशी भावाने रत्नागिरीहून थर्मासमधून बर्फ आणला, आणि घाईत एक कुपी थेट बर्फाला टेकली. काढली तेव्हा आतल्या पाण्यासारख्या द्रवात बारीक कण तरंगत होते. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, ती कुपी टाकून द्यावी लागली, आणि उरलेल्या एका कुपीवर रस्ता मोकळा होईपर्यंतचे दिवस मोजत आम्ही काढले. त्या रात्री माझ्या मुलीने मला विचारले होते, "आई, माझ्या पोटातच कारखाना बसवता येणार नाही का गं?" तो कारखाना यावा, ही इच्छा माझ्याइतकी कोणाची असेल? म्हणूनच त्याची बातमी खोटी आशा देणारी नसावी.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. रोपणाची कोणतीही बातमी छापताना किरण किंवा औषध कोणाला दिले, पेशी कोणाच्या होत्या व कोणात घातल्या, आणि त्या किती दिवस चालल्या, हे पहिल्या परिच्छेदातच द्यावे. प्रयोग उंदरांवरचा असेल तर "उंदीर" हा शब्द मथळ्यात असावा. आणि बातमीखाली ठळक अक्षरांत एक ओळ असावी: टाइप वन मधुमेह असलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नये, उलट्या, खोल जलद श्वास किंवा तोंडाला फळासारखा वास आल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. आपण ही ओळ छापली तर तो अंक घेऊन मी हर्णैच्या त्या वाडीत जाणार आहे. माझ्या विद्यार्थिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या डोसपुढे पेन्सिलीने खूण करायला सुरुवात केली आहे. त्या कॅलेंडरशेजारी आपल्या अंकातल्या त्या ओळीचे कात्रण लावायला तिने जागा ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका व पालक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी